स्मरणपट्टीची साक्ष

संयुक्ता चौगुलेच्या बाकावरचा दिवा केशरी जळत होता आणि तिचा निबंध ऐन रंगात आला होता. तिने मान वर करून आजूबाजूला पाहिलं. बाकी सगळ्यांचे दिवे निळे. मधूनच एखादा केशरी लुकलुकायचा आणि लगेच पुन्हा निळा व्हायचा. आपला मात्र पहिल्या ओळीपासून केशरी तो केशरीच! तिची खात्री पटली की आपण सगळ्यांच्या पुढे आहोत, आणि ती आणखी जोरात लिहायला लागली.

तसा हा गैरसमज व्हायचं काही कारण नव्हतं. स्पर्धा सुरू होण्याआधी डॉ. शबाना अत्तार यांनी व्यासपीठावरून दिव्यांचा अर्थ चांगला समजावून सांगितला होता. पण त्या सांगत होत्या तेव्हा संयुक्ता डोळे मिटून मनातल्या मनात तिसरा परिच्छेद घोळवत होती. मगदूम सरांची तशी सक्त ताकीदच होती. "आत गेल्यावर इकडंतिकडं लक्ष द्यायचं नाही. डोक्यात भरलेलं सांडंल."

निबंध लिहून देणारी यंत्रं घरोघरी झाली तेव्हा राज्यातल्या निबंध स्पर्धा एकेक करून बंद पडल्या होत्या. आठवीतली पोरं पर्यावरणावर कुलगुरूंच्या थाटात लिहायला लागली आणि परीक्षकांनी हात टेकले. त्या स्पर्धांना पुन्हा धुगधुगी आली ती स्मरणपट्टीमुळे. कोल्हापुरातल्या एका विधी महाविद्यालयाने तर शाळकरी मुलांसाठी कायदेविषयक निबंधांची स्पर्धाच सुरू केली. विषय आधी जाहीर करायचा, मुलांनी घरी हवं ते वाचायचं, हवा तेवढा विचार करायचा. लिहायचं मात्र सभागृहात बसून, कपाळाला पट्टी बांधून.

पट्टीमागची कल्पना जुनीच होती. ओळखीची गोष्ट समोर आली की मेंदूत एक बारीकशी विजेची लाट उठते. सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात, माणूस 'हो' की 'नाही' म्हणायच्या आतच ती उठून जाते आणि ती दाबणं फार अवघड असतं. शास्त्रज्ञांना ती कितीतरी वर्षं ठाऊक होती, पण ती टिपायला डोक्यावर तारांचं जंजाळ बसवावं लागे आणि माणूस जरा हलला की सगळा खेळ बिघडे. डॉ. अत्तार यांच्या गटाने ते सगळं जंजाळ बोटभर रुंदीच्या कापडी पट्टीत विणून टाकलं. त्याच खटपटीत त्यांना आणखी एक गोष्ट सापडली. नवं वाक्य जुळवताना मेंदू अडखळतो, दोन-चार शब्द उचलून पाहतो, टाकून देतो, मागे फिरतो. पाठ केलेलं वाक्य मात्र उतारावरच्या सायकलसारखं पायडल न मारता जातं. दोन्ही वेळच्या लाटा वेगळ्या. जुळवण्याला निळा दिवा, आठवण्याला केशरी.

पोलिसांनी ही पट्टी तपासात कधीच वापरायला घेतली होती. संशयितापुढे गुन्ह्याच्या जागेचा फोटो धरायचा. दिवा केशरी झाला की गडी तिथे जाऊन आलेला आहे असं समजायचं. न्यायालयात मात्र हे अजून चालत नव्हतं. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, हे घटनेतलं विसावं कलम आडवं येत होतं. आता निदान साक्षीदारांना तरी पट्टी लावता यावी म्हणून विधेयक आलं होतं आणि विधिमंडळाची एक समिती त्यावर बसली होती. स्पर्धेचा विषयही तोच, 'स्मरणपट्टीची साक्ष ग्राह्य धरावी का?' आणि पहिल्या नंबराला बक्षीस काय, तर मुंबईला जाऊन त्या समितीपुढे आपला निबंध वाचायचा! गडहिंग्लजच्या दहावीतल्या पोरीला आमदारांपुढे उभं राहून बोलायला मिळणार, या कल्पनेनेच संयुक्ताची झोप उडाली होती.

तिला ते बक्षीस हवंच होतं, आणि नुसतं मिरवायला नव्हे. तिचे रघूकाका गावातल्या बड्या घरच्या ट्रॅक्टरखाली आले होते, भर चौकात, पाचपन्नास माणसांच्या डोळ्यांदेखत. काकांचा पाय गेला. कोर्टात सगळे साक्षीदार एकजात फिरले. "आम्ही काय बघितलं नाही," असं मान खाली घालून सांगून ते घरी गेले, कारण त्यातला निम्मा गाव ट्रॅक्टरवाल्याचा पाहुणा आणि उरलेला निम्मा त्याच्या दुधाच्या डेअरीतला. त्या दिवसापासून संयुक्ताला वाटत होतं, त्या माणसांच्या कपाळाला पट्टी असती तर काका खटला जिंकले असते. समितीपुढे तिला हेच सांगायचं होतं.

निबंध तिने स्वतः लिहिला होता. लिहायचा, खोडायचा, सरांना दाखवायचा, पुन्हा लिहायचा. तो मनासारखा झाल्यावर मगदूम सरांनी त्यांचं नेहमीचं काम सुरू केलं. सर मराठी शिकवायचे, पण त्यांची ख्याती होती वक्तृत्वाची. मुख्याध्यापकांच्या खोलीतलं ढालींचं कपाट त्यांनी एकट्याने भरलं होतं, आणि त्यांची पद्धत एकच होती. पाठ. झोपेतून उठवलं तरी पुढचं वाक्य आलं पाहिजे. भाषण असो, निबंध असो, आभारप्रदर्शन असो, सरांच्या हाताखालचं पोर ते पाठ करूनच उभं राहायचं. रोज शाळा सुटल्यावर संयुक्ता रिकाम्या वर्गात उभी राहून आपलाच निबंध घडाघडा म्हणायची आणि सर डोळे मिटून टेबलावर बोटांनी ठेका धरायचे.

"सर, पण तिथं जाऊन लिहायचंय ना?" तिने एकदा विचारलंही होतं.

"मग? तिथंच जाऊन लिहिणार की! कागद नाही, मोबाईल नाही. स्वतःच्या डोक्यातनं काढायला कुणाची परवानगी लागती?"

सभागृहात वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा संयुक्ताने शेवटच्या वाक्यावर पूर्णविराम दिला आणि हात झटकत ऐटीत बाहेर आली. दारातच सर उभे.

"सांडलं का काही?"

"एक शब्दसुद्धा नाही!"

"शाब्बास!" म्हणून सरांनी तिच्या पाठीत अशी थाप मारली की ती दोन पावलं पुढे गेली.

सगळे परत सभागृहात जमले आणि पडद्यावर नावं झळकायला लागली. आधी बाद झालेल्यांची. बादमध्ये एकच नाव होतं. 'चौगुले संयुक्ता. संपूर्ण लेखन पाठ केलेले. निबंध स्वतःचा नसल्याचा निष्कर्ष.'

संयुक्ताला आधी वाचून काही कळेना. मग सगळं सभागृह मान वळवून आपल्याकडे बघतंय हे कळलं, आणि तिचे कान तापले. शेजारच्या बाकावरची मुलगी हळूच थोडी सरकून बसली. त्या सरकण्याचा संयुक्ताला इतका राग आला की ती ताडकन उभी राहिली.

"हे चूक आहे!"

व्यासपीठावर मधोमध परीक्षक बसल्या होत्या, निवृत्त न्यायमूर्ती नलिनी हेर्लेकर. बाई विधिमंडळाच्या त्या समितीच्या कायदेशीर सल्लागारही होत्या. निवृत्त झाल्यापासून त्यांना लोक फक्त दीपप्रज्वलनाला बोलवायचे आणि त्याचा त्यांना भयंकर कंटाळा आला होता. त्यांनी चष्मा नाकावर खाली घेतला.

"काय चूक आहे?"

"मला काही न विचारताच बाद केलंय, मॅडम."

"विचारायचं असं नियमात कुठे लिहिलंय?"

"नियमात नाही, पण न्यायात आहे." संयुक्ताचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. "दुसऱ्याची बाजू ऐकल्याशिवाय शिक्षा करता येत नाही. कायद्याचा निबंध लिहायला बोलावलंत आणि कायदा तुम्हीच मोडताय!"

कुणीतरी हसलं. हेर्लेकर बाई हसल्या नाहीत. त्या खुर्चीत सावरून बसल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकदम तरतरी आली.

"बरोबर आहे. ऐकून घेऊ. आरोपी स्वतःच बाजू मांडणार, की वकील देऊ?"

"स्वतःच!"

"ये मग वर."

संयुक्ता व्यासपीठाच्या पायऱ्या चढली. आतून काहीतरी उसळत होतं. घरी आरशापुढे तिने किती वेळा असा खटला चालवला होता! तिने पहिला प्रश्न डॉ. अत्तार यांना टाकला.

"मॅडम, केशरी दिवा नक्की काय सांगतो?"

डॉ. अत्तार सरळ स्वभावाच्या होत्या. आपल्या यंत्राची बाजू घ्यायची म्हणून त्या काही लपवणाऱ्यातल्या नव्हत्या. "एवढंच सांगतो, की हे शब्द आधीपासून डोक्यात तयार होते. जागेवर जुळवलेले नव्हते."

"ते कुणी तयार केलेले होते, हे सांगतो?"

"नाही. ते पट्टीला कळत नाही."

"मग 'निबंध स्वतःचा नाही' हे पट्टी कुठं म्हणाली?"

डॉ. अत्तार किंचित गडबडल्या. "पट्टी नाही म्हणाली. तो निष्कर्ष नियम करणाऱ्यांनी काढला. सगळाच्या सगळा निबंध पाठ आहे म्हणजे कुणीतरी लिहून दिला असणार, असं धरलंय."

"मी लिहिला, मॅडम. आणि मीच पाठ केला."

सभागृहात हशा पिकला. हेर्लेकर बाईंनी हात वर करून तो थांबवला. त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं होतं. "स्वतःचाच निबंध पाठ केलास? कशासाठी?"

संयुक्ताला या प्रश्नाचंच नवल वाटलं. "आमच्याकडं सगळं पाठच करतात, मॅडम."

"मला लावा ती पट्टी!" मागून आवाज आला. मगदूम सर रांगांमधून वाट काढत पुढे येत होते. बुशशर्टाची बाही सरकवत ते थेट व्यासपीठावर चढले. "मीच तिचा मास्तर. लिहून दिला असंल तर मीच दिला असणार ना? लावा पट्टी, आणि काय ते एकदाचं होऊन जाऊ द्या."

डॉ. अत्तार यांनी सरांच्या कपाळाला पट्टी बांधली आणि संयुक्ताच्या निबंधातलं एकेक वाक्य पडद्यावर दाखवायला सुरुवात केली. पहिलं वाक्य. केशरी. दुसरं, केशरी. मधेच त्यांनी दुसऱ्या एका मुलाच्या निबंधातलं वाक्य टाकलं, तेव्हा दिवा साफ विझला. पुन्हा संयुक्ताचं वाक्य, पुन्हा झळझळीत केशरी.

"म्हणजे सरांनीच लिहिलाय!" मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं.

"अहो, रोज ऐकलाय मी तो!" सर उसळले. "ओळखीचा वाटणार नाही तर काय?"

ते ऐकलं आणि संयुक्ताच्या डोक्यात लख्ख काहीतरी पेटलं. रघूकाकांचा ट्रॅक्टर! चौकातल्या माणसांना पट्टी बांधून ट्रॅक्टरचा फोटो दाखवला असता तर काय झालं असतं? सगळ्यांचे दिवे केशरी झाले असते. अपघात पाहिलेल्यांचे, आणि त्या दिवशी गावातही नसलेल्यांचे. तो ट्रॅक्टर तर रोज सगळ्यांच्या दारावरून जायचा. महिनाभर ती ज्या यंत्राची बाजू घेऊन भांडत होती, त्याने काकांच्या खटल्यात काडीचीही मदत केली नसती! तिला वाईट वाटायला हवं होतं. पण ते जे काही दिसलं होतं त्याने तिला इतका जोर आला की तिने तिथल्या तिथे, हातवारे करत, अडखळत, एक वाक्य अर्धवट टाकून दुसरं उचलत, काकांची सगळी हकीकत सभागृहाला सांगून टाकली.

हेर्लेकर बाई हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होत्या. शेवटी त्या सरांकडे वळल्या. पट्टी अजून सरांच्या कपाळावरच होती.

"मगदूम सर, पट्टी राहू दे बाजूला. मी सरळ विचारते. नियम तुम्हाला ठाऊक आहे, दुसऱ्याचं एक वाक्य जरी असलं तरी निबंध बाद. यातलं एखादं वाक्य तुमचं आहे?"

पडद्यावर त्या वेळी नेमकं कुठलं वाक्य असावं? 'यंत्राला भाऊबंद नसतात.' सबंध निबंधातलं सगळ्यात टाळीचं वाक्य.

"नाही मॅडम," सर म्हणाले. त्यांनी पापणीसुद्धा हलवली नाही. "अक्षर न् अक्षर पोरीचं आहे."

संयुक्ताने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. ते वाक्य सरांचं होतं. पाठांतराच्या नादात ते आपलंच वाटायला लागलं होतं, पण आत्ता, सरांनी नाही म्हटल्याबरोबर, तिला सगळं आठवलं. शिक्षकांच्या खोलीत तिचा कच्चा निबंध पुढ्यात घेऊन सर तो वाचत होते. काकांच्या साक्षीदारांच्या परिच्छेदापाशी ते थांबले, लाल पेन काढलं, समासात ते तीन शब्द लिहिले आणि टेबलावर हात आपटून म्हणाले होते, "हे घे! याच्यावर टाळी पडली नाही तर नाव बदलीन!"

हेर्लेकर बाईंनी मान हलवली. "ठीक आहे. विरुद्ध पुरावा काहीच नाही. पट्टी ओळख सांगते, मालकी सांगत नाही, हे खुद्द डॉक्टरांनीच मान्य केलंय. संशयाचा फायदा आरोपीला. हिचा निबंध पुन्हा स्पर्धेत घ्या."

टाळ्या पडल्या. शेजारून सरकून बसलेली मुलगीही टाळ्या वाजवत होती. झालं, जिंकलो! निबंध पुन्हा शर्यतीत आला होता, आणि तो किती चांगला उतरलाय हे संयुक्ताला माहीत होतं. मुंबई, समिती, आमदार, सगळं पुन्हा डोळ्यांपुढे उभं राहिलं. आता काहीही न बोलता खाली जाऊन बसायचं, एवढंच उरलं होतं.

आणि तिला ते दिसलं. सरांच्या कपाळावरची पट्टी. टेबलावरचा दिवा. सर सगळ्यांदेखत खोटं बोलले होते आणि दिवा तसाच केशरी जळत होता, जरासुद्धा लुकलुकला नव्हता. 'पट्टीपुढे खोटं टिकत नाही,' असं निबंधात मोठ्या तोऱ्यात तिने स्वतः लिहिलं होतं. ते वाक्य शंभर टक्के तिचंच होतं आणि शंभर टक्के चूक होतं. याहून पक्का पुरावा आमदारांच्या बापजन्मात कुणी दाखवला नसता! तो इथे, डोळ्यांपुढे पडला होता आणि तिच्याखेरीज कुणालाही दिसत नव्हता. बोललं तर निबंध गेला. बोललं तर सर खोटे पडतात, तेही एवढ्या लोकांसमोर, तिच्यासाठी खोटं बोललेले सर. पण तोंड मिटून हे पोटात ठेवणं तिच्याच्याने होईना.

"थांबा, मॅडम! आत्ता काय झालं ते बघितलंत का तुम्ही?"

"काय झालं?"

"सर खोटं बोलले. आणि पट्टीला काही म्हणजे काही कळलं नाही!"

टाळ्या बंद पडल्या. सरांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं ते वर्गात चुकूनही कुणाकडे पाहत नसत. तिने त्यांच्याकडे बघायचं टाळलं आणि पडद्याकडे बोट केलं.

"ते वाक्य सरांचं आहे. त्यांनी माझ्या कागदावर लाल पेनानं लिहून दिलं. एवढं एकच. बाकी सगळं माझं आहे. सर मला वाचवायला नाही म्हणाले, आणि हा दिवा बघा, तसाच आहे. याला ओळख कळते, खोटं कळत नाही. मी निबंधात उलट लिहिलंय, आणि ते चूक आहे. कोर्टात असं झालं तर? पट्टी लावलेल्या माणसाचं सगळंच खरं धरलं तर?"

डॉ. अत्तार दिव्याकडे बघत होत्या. "हे मी गेली दोन वर्षं सगळ्यांना सांगतेय," त्या पुटपुटल्या. "पण असं कुणाला समजलं नव्हतं."

हेर्लेकर बाईंनी सरांना विचारलं, "खरं आहे का हे?"

सरांनी कपाळाची पट्टी सोडली, तिची नीट घडी घातली आणि टेबलावर ठेवली. "खरं आहे," ते म्हणाले आणि कुणाकडेही न बघता पायऱ्या उतरून थेट बाहेर निघून गेले.

"तुझा निबंध आता बाद झाला, कळलंय ना तुला?" बाई संयुक्ताला म्हणाल्या.

"हो, मॅडम." आता मात्र तिचे डोळे भरून आले.

"यंत्राला जे कळलं नाही ते तू सांगितलंस, आणि स्वतःचं नुकसान करून सांगितलंस. खुर्चीवर बसून मी हजारो साक्षी ऐकल्या. त्यात अशाच बोलण्यावर मी आधी विश्वास ठेवला." त्यांनी समोरचे कागद ओढले. "पण नियम तो नियम. बस खाली."

पहिलं बक्षीस सावंतवाडीच्या एका मुलीला गेलं. संयुक्ताने तिच्यासाठी मनापासून टाळ्या वाजवायचा प्रयत्न केला, पण हात जड झाले होते. कार्यक्रम संपायच्या आतच ती उठून बाहेर आली.

सर व्हरांड्याच्या कट्ट्यावर बसले होते. ती समोर जाऊन उभी राहिली.

"भर सभेत खोटं पाडलंस मला," सर म्हणाले.

"हो, सर."

"इतकी वर्षं शिकवतोय. माझं एकसुद्धा पोर असं मधेच उठून, काही तयारी नसताना, तोंडाला येईल ते बोललेलं नाही."

"चुकलं माझं, सर."

"चुकलं कुठं?" सर एकदम चिडून म्हणाले. "तेच तर सांगतोय! मुद्दा बिनतोड होता. असा मुद्दा मला पाठ करून घेता आला नसता." त्यांनी रुमालाने चेहरा खसखसून पुसला. "मला राग आलाय तुझा, आणि अभिमानही वाटतोय. आता कुठलं आधी दाखवायचं ते कळंना झालंय."

संयुक्ताला हसू आणि रडू एकदमच आलं. ती त्यांच्या शेजारी कट्ट्यावर बसली. तेवढ्यात काठी टेकत हेर्लेकर बाई बाहेर आल्या. सर गडबडीने उठून उभे राहिले.

"बसा हो. मी तुम्हा दोघांनाच शोधत होते. पुढच्या बैठकीला समितीपुढे ती सावंतवाडीची मुलगी निबंध वाचेल, छान लिहिलाय तिने. पण समितीला साक्षीदार बोलावता येतात, आणि कुणाला बोलवायचं ते मी सुचवायचं असतं." त्या संयुक्ताकडे वळल्या. "आज या यंत्राने एकीला चोर ठरवलं आणि एका खोटं बोलणाऱ्याला तसंच सोडून दिलं. हे सगळं तुझ्या डोळ्यांदेखत झालं. समितीपुढे येऊन सांगशील?"

"मुंबईला?" संयुक्ता टुणकन उठली. "निबंध न वाचता?"

"निबंध नको. जे घडलं ते सांग. आणि मगदूम सर, तुम्हीही हवेत."

सरांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "मी? आमदारांपुढं उभं राहून 'मी खोटं बोललो' असं सांगायचं?"

"तुम्ही सांगितल्याशिवाय हिची साक्ष अर्धीच राहते."

सर खाली फरशीकडे बघत राहिले. सर नाही म्हणाले असते तर तिला त्यांचा रागही आला नसता. ढालींनी भरलेलं कपाट, गावातला मान, निवृत्तीला उरलेली थोडी वर्षं, आणि हे सांगायला मुंबईला जायचं!

"येतो," सर शेवटी म्हणाले, आणि एकदा म्हणून टाकल्यावर त्यांचा आवाज बघता बघता नेहमीच्या पट्टीत आला. ते लगबगीने पायात चपला सरकवायला लागले. "येतो म्हणजे काय, येणारच! संयुक्ता, चल, एसटी चुकंल. गाडीतच सुरुवात करूया. आधी तू उभी राहायचं, नमस्कार, मान्यवर सदस्यहो, मग पहिलं वाक्य असं घेऊ..."

"सर," संयुक्ता म्हणाली.

"काय?"

"साक्षीदाराला पढवायचं नसतं."

सर एक पाय चपलेत आणि एक बाहेर असे तसेच थांबले. त्यांनी हेर्लेकर बाईंकडे पाहिलं. बाईंनी गंभीरपणे मान हलवली. आणि सर इतक्या मोठ्याने हसले की सभागृहातून बाहेर पडणारी पोरं थबकून बघायला लागली.

"बरं," ते म्हणाले. "मग गाडीत काय करायचं?"